धाकटं गप्प आहे

मास्तरणीच्या दुकानात शिलाईच्या तीन मशिनी होत्या आणि तिघींनाही नावं होती. काळी, लोखंडी, हलवायला दोन धट्टीकट्टी माणसं लागणारी ती थोरली. साध्या टाक्याची, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात, ती मधली. आणि कापडाच्या कडा बांधणारी ओव्हरलॉक, सगळ्यांत शेवटी आलेली आणि सगळ्यांत तोंडाळ, ती धाकटी. धाकटी सुरू झाली की समोरचा पत्रेवाला कामावरून मान वर करून ओरडायचा, "उठली का तुमची बया?" ही नावं मास्तरांनी ठेवलेली. पुढे मास्तर गेले, दुकान बायकोच्या अंगावर पडलं, लोक तिला मास्तरीण म्हणायला लागले. मशिनींची नावं तीच राहिली.

त्यामुळे सुनेला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा लेक फोनवर ओरडला, "आई, सांग तुझ्या धाकटीला, तिचे लाड संपले! आता धाकटं येतंय!" लेक लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, घरी असायचा कमी आणि रस्त्यावर जास्त. पण नाव ठेवून गेला ते चिकटलं. मुलगा की मुलगी कुणाला ठाऊक, म्हणून धाकटं. धाकट्याला उचकी लागली, धाकट्याला झोप आली, धाकटं लाथा घालतंय.

आणि लाथा घालायची वेळ कुठली, तर नेमकी धाकटी सुरू झाली की! सून आतल्या खोलीत ओव्हरलॉकवर बसायची, पायटा दाबायची, मशीन खडखडायला लागली की हिच्या पोटात दणादण सुरू. "आई, भांडतायत बघा दोघं!" अशी हाक आली की मास्तरीण हातातली कात्री टाकून आत जायची, सुनेच्या पोटावर तळहात ठेवायची आणि म्हणायची, "माझ्यावर गेलंय मेलं. दुसऱ्याचा आवाज चढलेला खपत नाही." मग दोघी हसायच्या. सासू-सुनेचं असं जमलेलं बघून गल्लीतल्या बायकांच्या पोटात दुखायचं, हेही सांगायला हवं.

आठवा सरता सरता सुनेचे पाय सुजले, रक्तदाब चढला. डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवलं. बाई स्पष्ट बोलणाऱ्या, उगाच गोड गोड काही नाही.

"गोळ्या देते. पण गोळ्यांपेक्षा हे ऐका. आईचा दाब वाढला की वारेतून बाळाला जाणारं रक्त कमी पडू शकतं. बाळाला काही होत असलं तर ते ओरडून सांगत नाही. ते हलायचं कमी होतं. नेहमीपेक्षा कमी हललं असं वाटलं, की हातातलं काम टाकायचं आणि इथे यायचं. संध्याकाळपर्यंत बघू, उद्या बघू, असलं चालणार नाही."

"आणि उगाचच आले तर?" सुनेने विचारलं. "रागावाल?"

"उगाच आलीस तर चहा पाजीन. पण ये."

"मी आहे ना डॉक्टर," मास्तरीण म्हणाली. "तीन बाळंतपणं झालीत माझी. डोळ्यांत तेल घालून बघते."

"डोळ्यांचं काम नाही हो त्यात. कान उघडे ठेवा. कळणार ते तिला, तुम्हाला नाही."

मास्तरीण हसली आणि हो हो म्हणाली. सगळ्या सासवा म्हणतात तसंच.

त्याच सुमाराला ते पडद्याचं काम आलं. जुनं नाट्यगृह नव्याने उघडणार होतं आणि त्याच्या रंगमंचाचा पडदा शिवायचा होता. गर्द लाल मखमल, खाली वजनाची पट्टी, वर झालर. उशांचे अभ्रे आणि खिडक्यांचे पडदे शिवून मान मोडलेल्या बाईला असं काम जन्मात एकदा मिळतं. मास्तर असते तर गल्लीभर सांगत सुटले असते. मास्तरीण सांगत नव्हती, पण गिऱ्हाईक आलं की मखमलीचा तागा मुद्दाम पुढे सरकवायची.

आणि ऐन त्या घाईत धाकटीने मान टाकली. मिस्त्रीने येऊन तिचं पोट उघडलं, आत बोटं घातली, जीभ टाळूला लावून चक् चक् केलं आणि म्हणाला, "हिला न्यावं लागेल." घेऊनच गेला. आतल्या खोलीत तिच्या जागी तेलाचा डाग आणि धुळीचा चौकोन राहिला. आता मखमलीच्या कडा बांधणार कोण? कडा दुमडून थोरलीवर शिवायच्या आणि झालर हाताने टाचायची, असं ठरलं. काम दुप्पट झालं, आणि द्यायचा दिवस तर तोच राहिला.

तो दिवस उजाडला तेव्हा मास्तरीण दुकानात थोरलीवर बसली होती. मांडीवर, टेबलावर, जमिनीवर मखमलच मखमल. दुपारी नाट्यगृहाची गाडी येणार होती. सून आतल्या खोलीत पाय उशीवर ठेवून झालर टाचत होती. बसल्या बसल्या होण्यासारखं काम म्हणून तिला दिलेलं. मधलं दार उघडं होतं.

आतून हाक आली, "आई, धाकटं गप्प आहे हो आज."

थोरली चालू होती. मास्तरणीने पाय उचलला नाही.

"असू दे गप्प!" ती ओरडली. "बरंच आहे! झालर संपव तेवढी."

आतून पुन्हा काही ऐकू आलं नाही.

आता इथे लपवाछपवी नको. मास्तरणीला ऐकू आलं होतं, स्वच्छ ऐकू आलं होतं. धाकटं गप्प आहे. डॉक्टरीणबाईंचा चेहरा डोळ्यांपुढे आला. पण समोर पट्टीचा अर्धा भाग बाकी होता, आणि ती मनाला म्हणाली, काल तर लाथा घालत होतं. झोपलं असेल. पोरीला पहिलटकरणीची धास्ती. गाडी गेली की लगेच नेते हिला, असं म्हणून तिने चाकावर हात ठेवला आणि पुढचा टाका घातला.

जेवणाच्या वेळी सून दारात येऊन उभी राहिली. एक हात चौकटीवर, एक पोटावर.

"झाली झालर?" मास्तरणीने मान वर न करता विचारलं.

"होत आली."

ती अजून थोडी थांबली आणि आत गेली. त्या थांबण्यात काय होतं ते न कळायला मास्तरीण काही दुधखुळी नव्हती.

गाडी आली. दोन माणसांनी पडदा उचलला. मॅनेजर स्वतः आला होता, त्याने शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "बाई, हात लावला तर शिवण सापडत नाही!" मास्तरणीला एवढं भरून आलं की तिने मास्तरांच्या फोटोकडे बघितलं. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा कुठे ती मोकळी झाली. पदराने तोंड पुसत आत आली.

"चल, चहा टाकते. काय म्हणतंय आमचं धाकटं?"

सून कॉटच्या कडेला बसली होती. सुई झालरीत खोचून ठेवलेली, दोन्ही तळहात पोटावर.

"काहीच म्हणत नाही, आई."

मास्तरीण तिच्यापाशी गुडघ्यांवर बसली. तिने तळहात ठेवला. दाबून बघितला. बाजू बदलून बघितला. "धाकट्या," ती म्हणाली, "अरे ए," आणि मग पायात चपला न घालताच पत्रेवाल्याला हाक मारत बाहेर धावली.

पत्रेवाल्याने गाडी काढली, वाटेत हॉर्नवरचा हात एकदाही काढला नाही. दवाखान्यात सुनेच्या पोटाभोवती पट्टा बांधला. यंत्रातून ठोके ऐकू यायला लागले. मास्तरीण आयुष्यभर मोटारीचा आवाज ऐकून मशीन कशी आहे ते सांगत आली होती. ते ठोके घटत होते, अडखळत होते. तिला कुणी सांगायची गरज पडली नाही.

डॉक्टरीणबाई आल्या. "हालचाल कधीपासून कमी आहे?"

"सकाळपासून," सून म्हणाली.

"सकाळपासून? आणि आत्ता येताय?"

"मी आईंना..." सून म्हणाली आणि थांबली.

मास्तरणीचं तोंड आपोआप उघडलं. "अहो डॉक्टर, आमच्या मशीनचं नाव धाकटी! मला वाटलं, ही म्हणतेय धाकटी गप्प आहे. बाहेर थोरलीचा केवढा आवाज, मला काय कळणार? मी म्हटलं असू दे!"

डॉक्टरीणबाईंना त्यातलं अवाक्षर समजलं नाही आणि समजून घ्यायला वेळही नव्हता. त्या ऑपरेशनची तयारी करायला सांगत होत्या. पण सुनेला समजलं. तिने सासूकडे बघितलं. धाकटीच्या रिकाम्या जागेशेजारी सकाळपासून बसून होती ती. बघितलं आणि मान वळवली. मग तिला घेऊन गेले.

मुलगी झाली. रडली नाही. तिला श्वास द्यावा लागला, मग नळी घालावी लागली, मग काचेच्या पेटीत ठेवली. लहान बाळांचा डॉक्टर कोवळा पोरगा होता, पण नीट समजावून सांगत होता. पोटात असतानाच तिला प्राणवायू कमी पडला, मेंदूला आणि बाकी अवयवांनाही त्रास झालाय, आम्ही सगळं करतोय. मास्तरणीने हात धुतले, अंगावर दवाखान्याचा झगा चढवला आणि पेटीजवळ गेली. एवढीशी मूठ. नखं वाढलेली. धाकटं धाकटं म्हणत होतो, धाकटी निघाली, तिला वाटलं. नर्स म्हणाली, "बोला की आजी तिच्याशी. आवाज कळतो त्यांना." काय बोलणार? असू दे गप्प?

दुसऱ्या दिवशी लेक पोचला. गाडी कुठेतरी मध्येच दुसऱ्याच्या हवाली करून आला होता. पोरीला बघून आला आणि बायकोच्या कॉटपाशी उभा राहिला. कॉटभोवती हिरवा पडदा होता. मास्तरीण पडद्याच्या अलीकडे, हातात गरम पाण्याचा थर्मास.

"एकदा हाक मारून गप्प कशी बसलीस तू?" लेकाचा आवाज फाटला होता. "आईचं समजू शकतो, ती मशीनवर होती, तिला भलतंच ऐकू आलं. पण तुझं पोट होतं ना? उठून बाहेर जाऊन सांगायला काय झालं होतं?"

"हो," सून म्हणाली. "चुकलं माझं."

मास्तरणीने थर्मास घट्ट धरला. तिने आता आत जायला हवं होतं. दोन पावलं टाकायची, पडदा सरकवायचा आणि म्हणायचं, तिला बोलू नकोस, मला ऐकू आलं होतं. एवढंच. ती उभी राहिली. पाणी निवत गेलं. मग तिने थर्मास खिडकीत ठेवला आणि जिन्याच्या दिशेने निघून गेली.

त्याच्या दुसऱ्या सकाळी पोरगी गेली. डॉक्टरीणबाई सुनेच्या उशाशी बसल्या. मास्तरणीने विचारलं, विचारल्याशिवाय राहवेना, "सकाळीच आणलं असतं तर?"

"वाचली असती असं छातीठोकपणे नाही सांगू शकत मी. कदाचित तेव्हाही उशीर झाला असता." बाईंनी चष्मा काढला. "पण सकाळीच यायला हवं होतं."

त्याच संध्याकाळी नाट्यगृहाचा पडदा उघडला. मॅनेजरने कौतुकाने दोन पास पाठवले होते. पत्रेवाल्याने ते परस्पर खिशात टाकले आणि पुढे कधी त्यांचा विषय काढला नाही. माणूस तोंडाचा फाटका, पण जिथे कळायला हवं तिथे त्याला कळायचं.

बाकी गल्लीला धाकटं-धाकटीची गोष्ट तोंडपाठ झाली. बायका यायच्या, मास्तरणीचा हात हातात घ्यायच्या. "कानाने घात केला हो तुमच्या. तुमची काय चूक त्यात?" "एका अक्षराचा फेर, बाई, काय करणार!" मास्तरीण मान हलवायची. पहिल्यांदा मान हलवताना लाज वाटली. नंतर सवय होत गेली, आणि सवय होतेय हे कळून तिला स्वतःची जास्तच किळस आली. आतून सून ऐकत असायची. बाळ नव्हतं, पण दूध आलं होतं. तिचा ब्लाउज भिजायचा आणि ती गुपचूप उठून बदलून यायची. बायका तिला मात्र विचारायच्या, "अगं, पण तू दुसऱ्यांदा का नाही सांगितलंस?"

रात्रंदिवस एकच घोर लागला मास्तरणीला, धाकटी परत आली तर? लेकाला माहीत नव्हतं ती दुरुस्तीला गेलीय ते. मशीन दारातून आत येताना दिसली की त्याला दोन आणि दोन चार कळणारच. त्या धुळीच्या चौकोनावर तिने कापडाची गाठोडी रचली आणि एक दिवस मिस्त्रीच्या दुकानात गेली.

"एवढ्यात आणू नकोस ती."

"का हो? झाली की तयार!"

"राहू दे तुझ्याकडे. विकून टाक हवी तर."

मिस्त्रीने हात पुसले. भला माणूस. "मास्तरीणबाई, तुमच्यावर काय ओढवलंय ते ऐकलं मी. पण असं हातपाय गाळू नका. कामात मन रमतं."

"आणू नकोस म्हटलं ना!" ती खेकसली आणि परत आली.

मिस्त्रीने चार दिवस दम काढला. मग त्याला वाटलं, बाई दुःखात बोलल्या, आपणच पुढाकार घ्यावा. भल्या माणसांचं हेच तर होतं.

सकाळची कामं उरकली होती. लेक दाराशी बसून बुटाला टाका घालत होता. सून आत कॉटवर, भिंतीला टेकून. मास्तरीण मधलीवर उगाच कुणाची तरी पँट आखूड करत होती. रस्त्यातूनच आरोळी आली, "धाकटी आणलीय हो!"

लेकाच्या हातातली सुई थांबली. आत कॉट करकरली. त्या नावापायी काय घडलं ते मिस्त्रीला बिचाऱ्याला काय माहीत! तो मशीन छातीशी धरून सरळ आतल्या खोलीत शिरला, पायाने गाठोडी बाजूला सारली, मशीन जागेवर बसवली, वायर लावली.

"ऐका आता. बिघाड काढलाय, आवाज मात्र तोच ठेवलाय, नाहीतर म्हणाल बदलली म्हणून!" आणि त्याने पायटा दाबला.

धाकटी खडखडली.

सुनेचा हात पोटावर गेला. आपोआप गेला. तळहात पसरून ती तशीच बसली, मान किंचित कलती, वाट बघत. मग तिला उमगलं. तरी हात काढला नाही.

मास्तरणीने ते दारातून बघितलं. लेकही उठून आला होता, त्यानेही बघितलं.

"बंद कर," मास्तरीण म्हणाली. मिस्त्रीला ऐकू गेलं नाही. "बंद कर ती!"

मशीन थांबली. मास्तरीण लेकाकडे वळली.

"ही त्या दिवशी इथे नव्हती."

"कोण नव्हती?"

"ही. धाकटी. पडद्याच्या कामाच्या आधीच मिस्त्रीने नेली होती. मला कसली धाकटी ऐकू येणार? मला धाकटंच ऐकू आलं. धाकटं गप्प आहे, असं म्हणाली ती. पडदा जायचा होता, म्हणून मी म्हटलं असू दे." तिने चौकट धरली. "नंतर खोटं बोलले. तू हिला बोललास तेव्हा पडद्यामागे उभी होते मी. तेव्हाही गप्प बसले."

मिस्त्री स्क्रूड्रायव्हर हातात धरून भिंतीकडे बघत राहिला. लेक आईकडे असा बघत होता की ती कुठली भाषा बोलतेय तेच त्याला कळत नसावं.

"तुला ठाऊक होतं," मास्तरीण सुनेला म्हणाली. "दवाखान्यात तेव्हाच. मग बोलली का नाहीस गं?"

सून मशीनकडेच बघत होती.

"मला वाटलं, मशीन नाही म्हणून गप्प असेल. ही वाजली की ती उठायची ना. ही नाही, म्हणून झोपलीय, असं म्हणत होते मनात. तरी धीर होईना, म्हणून हाक मारली. वाटलं, तुम्ही म्हणाल, ऊठ, चल. तुम्ही असू दे म्हणालात. आणि मला बरं वाटलं, आई. खरंच बरं वाटलं. म्हणून कुठल्या तोंडाने बोलू?"

मास्तरीण तिच्याकडे जायला निघाली. सुनेने हात वर केला, तिथेच थांबा असा. रागाने नव्हे. लेकाकडे बघत ती म्हणाली, "ह्यांना नीट ऐकू आलं नसेल. पुन्हा सांगा."

"पोरी..."

"पुन्हा सांगा, आई. मोठ्याने सांगा. दार उघडंच आहे, गल्लीलाही जाऊ दे."

पलीकडे पत्रेवाल्याचा हातोडा थांबला होता. मास्तरणीने चौकट सोडली, आणि अगदी सुरुवातीपासून, मोठ्याने सांगायला लागली.